सुवोनच्या न्हाणीघरात कमळीची पाठ

या, अशा जवळ बसा. उंबऱ्याबाहेर उभं राहून ऐकायची ही कसली सवय तुम्हाला? कोरियाहून आल्यापासून बघतेय, एकेकजण दारावरून जाताना थांबता, "काकू, खरं का वो, तिथं बाया उघड्याच न्हात्यात?" एवढं विचारता, आणि माझं बोलणं पुरतं व्हायच्या आत घागर कंबरेवर मारून चालायला लागता. मग अर्धंच ऐकलेलं गावभर फिरतं. परवा बाजारात एकीनं मला विचारलं, तिथं बाया-गडी एकत्र न्हातात का. असं काही नाही. म्हणून आता सगळं लिहूनच काढते. ज्यांना वाचता येतं त्यांनी वाचा, आणि बाकीच्यांना वाचून दाखवा, पण शेवटपर्यंत.

मी शाळेत गेलेली नाही. कमळी पहिलीत होती तेव्हा ती पाटीवर जे गिरवायची ते मी चुलीपाशी राखेत गिरवायचे. ती चुकलं की दाखवायची. म्हणजे माझी मास्तरीण माझी लेकच. आणि त्याच लेकीला मी सहा वर्षं एक ओळ लिहिली नाही.

ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते. कमळी नगरला मास्तरकीचं शिकत होती. तिथं तिनं बेलापूरच्या श्रीधरशी लग्न ठरवलं. मुलगा शेतकीचं शिकलेला, पण आपल्या जातीतला नाही. ती सांगायला आली तेव्हा ह्यांनी दारात उभं राहून तिला सांगितलं, "ह्यो उंबरा आता तुझा न्हाई." ती अंगणात उभी होती, मी आत भाकरी थापत होते. मी बाहेर आले नाही. तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास मला अजून येतो. दुपारच्या एसटीनं ती गेली.

मग मागच्या साली, श्रावण कोरडा चालला होता, तेव्हा जावयाचं पत्र आलं. भाताच्या नव्या वाणांच्या कामासाठी ती दोघं कोरियात, सुवोन नावाच्या गावात होती. लिहिलं होतं, पहिल्या बाळंतपणात कमळीचं मूल हातचं गेलं. आता पुन्हा दिवस गेलेत. तोंडानं म्हणत नाही, पण कुणी आलं की आधी दाराकडं बघते. तुम्ही याल का? तिकिटाचं मी बघतो.

ते पत्र मीच वाचलं, मोठ्यानं वाचलं. हे ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. होही म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. दोन दिवसांनी दुष्काळी कामावर खडी फोडून आले आणि हातपाय धुता धुता म्हणाले, "म्हमईपत्तूर म्या येतो. म्होरं तुझं तू." ट्रंक त्यांनीच डोक्यावरून स्टँडवर नेली.

विमानाचं काही सांगत नाही. माझ्या गळ्यात नावपत्त्याचा कागद अडकवला होता, सामानाला लावतात तसा, आणि सामानासारखीच मला एकाकडून दुसऱ्याकडं देत तिथं पोचवलं.

सुवोन, कार्तिक

कमळी घ्यायला आली होती. पोट पुढं आलेलं, पाया पडायला वाकली, तर मी कोपराला धरून थांबवलं.

"कशी हायेस?"

"बरी आहे. प्रवास?"

"झाला."

सहा वर्षांनी हेच बोललो. पोस्टकार्डावर मावलं असतं.

थंडी म्हणजे काय, ते मला तिथं कळलं. बोललं की तोंडातून वाफ निघायची. पण घरात शिरल्यावर मी चकित झाले, कारण तिथली भुईच तापते. स्वयंपाकघरात चूल, आणि चुलीची धूर-झळ घराच्या खालून फिरवलेली. मधाच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा गोल कोळसा त्या चुलीत घालायचा, एक जळत आला की दुसरा. सगळं त्या भुईवरच, झोपायचं, जेवायचं, पाहुणा आला की आधी त्याला तापलेल्या कोपऱ्यात बसवायचं. बाळंतिणीला शेगडीचा शेक द्यायचा म्हणून मी मनात किती काय ठरवून गेले होते. तिथं सगळी खोलीच शेगडी.

घराची मालकीण पुढच्या बाजूला राहायची. माझ्याच वयाची, विधवा, केस मागं घट्ट बांधलेले, चालायला लागली की वाटावं भांडायला निघाली. तिला माझी भाषा येत नव्हती आणि मला तिची. त्यावाचून आमचं कधी काही अडलं नाही. मी गेले त्याच आठवड्यात तिच्याकडं लोणचं घालायचं होतं. आपलं लोणचं म्हणजे बरणीभर, तिथं अंगणात पुरलेले रांजण. कोबीचे लांब लांब गड्डे मिठात मुरवायचे आणि पानापानात लाल मिरचीचा मसाला भरायचा. सगळी आळी बसली होती. मीही बसले, आणि मिरचीचा हात मी सैल सोडला, तशी मालकिणीनं माझ्या मनगटावर चापट मारली. मग एक पान गुंडाळून सरळ माझ्या तोंडात कोंबलं, विचारलं नाही की काही नाही. त्याला सुकटीसारखा वास होता, पहिल्या घासाला नको वाटलं. तिसऱ्या दिवशी मी इथून नेलेल्या पिठाच्या बाजरीच्या भाकरीबरोबर तेच मागून घेतलं. तिनं माझी भाकरी मोडून खाल्ली आणि लसणाचा ठेचा बोटानं चाटला. कमळी म्हणाली, "आई, तुम्हा दोघींचं बरं जमलं." ते ती सरळ बोलली, की आमच्या दोघींचं जमत नाही म्हणून बोलली, मला कळलं नाही.

मार्गशीर्ष

मुलगी झाली. दोघी सुखरूप. मालकिणीनं दाराला गवताची दोरी आडवी बांधली, तिच्यात कोळशाचे तुकडे आणि सुरूसारख्या दिसणाऱ्या चिडाच्या झाडाच्या डहाळ्या खोवल्या. मुलगा असता तर लाल मिरच्या लावल्या असत्या, असं कमळीनं सांगितलं. तीन आठवडे बाहेरचं माणूस त्या दोरीच्या आत येत नाही. मी म्हटलं, आपल्याकडं तरी दुसरं काय करतो? लिंबू-मिरची लावतो, पाचवीला सटवाईची पूजा मांडतो. एवढ्या लांब येऊन बाळाची धास्ती तीच.

पण बाळंतिणीनं काय खायचं यावरून आम्हा दोघी म्हाताऱ्यांचं युद्ध झालं. मी इथून डिंक, हळीव, खारीक नेलेलं. ती समुद्रातल्या काळ्या शेवाळाचं सूप करायची, वाडगा भरून, दिवसातून तीनदा. मी लाडू पुढं सरकवायचे, ती वाडगा पुढं सरकवायची. कमळी दोन्ही खायची. एकदा मालकिणीनं लाडू उचलून हुंगला, अर्धा खाल्ला, आणि उरलेला पदराआड, म्हणजे तिच्या त्या बंडीच्या खिशात टाकला. तिथून भांडण मिटलं.

बाळाला मी रोज तेल लावायचे. पायावर पालथी घालून न्हाऊ घालताना मालकीण पाहत बसायची. पण कमळी मला हात लावू देईना. बाळंतिणीला चोळायचं नाही म्हणजे काय? मी तेल कोमट करून आणलं की ती म्हणायची, "नको आई, इथल्या डॉक्टरीणबाई नको म्हणतात." मी श्रीधरला विचारलं. तो गडबडला. "असं काही बोलल्या नाहीत त्या," म्हणाला, आणि लगेच बाहेर निघून गेला. म्हणजे डॉक्टरीणबाईंचं नाव पुढं केलेलं होतं. कमळीनं विचारायचं ते विचारलं नव्हतं, मीही सांगायचं ते सांगितलं नव्हतं, आणि परतीचं तिकीट तर नक्की झालेलं. मी रोज तेलाची वाटी परत शिंकाळ्यात, म्हणजे तिथल्या फळीवर ठेवायचे आणि मनात म्हणायचे, ही वाटी अशीच ठेवून मी घरी जाणार बहुतेक.

पौष, न्हाणीघर

आता तुम्ही ज्यासाठी थांबलात ते. नीट ऐका.

तिथं घरोघरी न्हाणी नाही. कडाक्याच्या थंडीत घरी पाणी तापवून न्हाणार कोण? म्हणून आळीचं एक न्हाणीघर असतं, त्याची चिमणी लांबून दिसते, साखर कारखान्याची असते तशी, फक्त बुटकी. पैसे देऊन आत जायचं. बायांची बाजू वेगळी, गड्यांची वेगळी, मध्ये पक्की भिंत. आठवड्यातून एकदा जातात, आणि त्यांच्या नव्या वर्षाआधी तर सगळं गाव जातं. मी तोवर घरीच, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लुगडं नेसून तांब्याभर पाण्यात न्हात होते.

सव्वा महिना उलटला तेव्हा मालकीण म्हणाली, आता तिघी जाऊ. बाळ श्रीधरजवळ ठेवलं. प्लास्टिकचं घमेलं काखेत मारून बर्फातून निघालो.

पहिली चूक मी कपडे काढायच्या खोलीतच केली. नदीवर आपण कशा न्हातो? लुगड्यानिशी. तशी मी एक जुनं लुगडं गुंडाळून आत निघाले. दारातल्या बाईनं माझा पदर धरला. मी तिचा हात धरला. मालकिणीनं येऊन दोघींना सोडवलं, आणि माझ्याकडं असं बघितलं की मी मुकाट्यानं लुगडं सोडलं. लहानपणी वाटायचं, आपण डोळे मिटले की आपल्याला कुणी बघत नाही. तशी डोळे मिटून आत गेले. जरा वेळानं उघडले तर वाफ, आणि वाफेत बाया. म्हाताऱ्या, तरण्या, गरवार, लेकुरवाळ्या. पोटावर टाके असलेल्या, वाकलेल्या, एक तर माझ्या सासूबाईंसारखी, अगदी तशीच पोटाची वळी. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. बायांनो, आपण आपलं अंग जन्मभर चोरून ठेवतो, अंधाऱ्या न्हाणीत उरकतो. बाईचं अंग म्हातारं होताना कसं होतं, ते मी साठीला आल्यावर, तिथं पहिल्यांदा पाहिलं. लाज वाटली ती थोडाच वेळ. मग नुसतं बरं वाटलं, की सगळ्यांचं असंच आहे.

मग मला पाणी दिसलं.

भिंतीला ओळीनं नळ, आणि नळातून गरम पाणी वाहतंय. बाया अंग चोळतायत, गप्पा मारतायत आणि नळ चालूच. मध्ये हौद, काठोकाठ, वरून सांडतोय. मी आपल्या तिसगावहून गेलेली. त्या साली आपल्याकडं टँकर यायचा तेव्हा एका घागरीसाठी आपण कशा उभ्या राहत होतो, ते तुम्हाला सांगायला नको. माझ्यानं राहवेना. मी उठले आणि पहिला नळ बंद केला. मग दुसरा. मग तिसरा. एका बाईच्या डोळ्यात साबण, ती नळ चाचपायला लागली, पाणी येईना, तिनं आरडाओरडा केला. मी पुढच्या नळाकडं. माझ्या हातात घमेलं होतं, सांडणारं पाणी त्याच्यात धरायचं आणि त्यात माझं लुगडं धुवून घ्यायचं, असंही मी ठरवून टाकलं होतं. चार बाया उभ्या राहिल्या. मालकीण हसून हसून फरशीवर बसली.

कमळीनं मला दंडाला धरलं. "आई, बस. इथं तसं नसतं."

"पानी चाललंय गं सगळं."

"ते वापरायचंच आहे. तू बस."

"आपल्याकडं प्यायला न्हाई, आन् हितं मोरीत चाललंय."

ती तशीच उभी राहिली. "एवढा दुष्काळ आहे? तू तर काहीच बोलली नाहीस."

"तू कुठं इचारलंस."

जरा वेळानं तिनं खालच्या आवाजात विचारलं, "आणि बाबा?"

तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"खडी फोडत्यात. हाताला फोड आलेत, पन रोज जात्यात."

ती साबण डोळ्यात गेल्यासारखं तोंड धुवायला लागली.

मालकिणीनं मग आम्हाला एका ओळीत बसवलं. तिथली रीत अशी की आपली पाठ आपल्याला चोळता येत नाही, म्हणून शेजारीण चोळते. ओळख नसली तरी चालतं. एखादी नुसती पाठ पुढं करते, दुसरी चोळते, मग अदलाबदल. हातात घालायची हिरवी पिशवी असते, वाळल्या घोसाळ्यापेक्षा खरबरीत. मालकिणीनं माझ्या पाठीवर ती अशी चालवली की मी ओरडलेच. वर मळाच्या वळ्या उचलून मला दाखवल्या. रोज न्हाणारी बाई मी. सगळ्या बायांनी वाकून पाहिलं आणि माना हलवल्या. तिथल्या बायांना हिंदुस्थानाबद्दल काय वाटलं असेल, देव जाणे.

मग तिनं दुसरी पिशवी माझ्या हातात चढवली आणि माझ्यापुढं बसलेल्या कमळीच्या पाठीकडं बोट केलं.

कमळीनं मान वळवून तिला काहीतरी सांगितलं. नको म्हणाली असणार. मालकीण चोळायची थांबली. ती बराच वेळ बोलली, सावकाश, एरवीसारखी दटावून नाही. 

"काय म्हणती गं?"

"काही नाही."

मालकिणीनं मागून माझा खांदा हलवला आणि कमळीकडं बोट करून पुन्हा तेच बोलली. म्हणजे सांग तिला.

कमळीनं पुढंच बघत सांगितलं. "म्हणते, तिची थोरली मुलगी वर, उत्तरेकडच्या मुलखात राहिली. लढाईत धाकट्याला घेऊन ही इकडं पळाली, थोरलीला आजीजवळ ठेवलं. चार दिवसांनी आणू म्हणून. मग मधली सरहद्दच बंद झाली. वीस वर्षं झाली. मुलगी आहे की नाही तेही कळत नाही. म्हणते..." ती थांबली.

"म्हन."

"म्हणते, दर वेळी इथं येते तेव्हा पुढं कुणाचीही पाठ असली तरी तिला वाटतं तिचीच आहे. तुझ्यापुढं तर तुझ्या मुलीचीच आहे, मग थांबलीस कशाला."

मी हात टेकवला. कमळीची पाठ आधी ताठ झाली. मग मी हळूहळू चोळायला लागले, मानेपासून खाली, लहानपणी चोळायचे तशी. मागून मालकीण माझी चोळत होती. तिघीजणी एकामागं एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या.

तोंडं दिसत नसली की बोलणं सोपं जातं, हे मला तिथं कळलं. कमळी भिंतीकडं बघून म्हणाली, "त्या दिवशी तू चुलीपाशीच होतीस ना?"

"हुते."

"मला ऐकू येत होतं. भाकरी थापल्याचा आवाज. मी खूप वेळ उभी होते अंगणात. बाहेर का नाही आलीस?"

सहा वर्षं मी ह्याचं उत्तर घासून पुसून तयार ठेवलं होतं. की तुझ्या बापाला भ्याले, की हात पिठाचे होते. पण उघडं बसून खोटं बोलायला जीभ रेटेना.

"राग आला हुता," मी म्हटलं. "जातीचा न्हाई. तू त्या पोराला सांगितलंस, तुझ्या मैतरिणींना सांगितलंस, नगरला समद्यांना ठावं. आन् मला तवा कळलं, जवा तुझ्या बापाला कळलं. पाटीवरचं अक्षर सुदिक तू मला आधी दाखवायचीस. म्हनून आले न्हाई. तुला दुखावं म्हनून आले न्हाई."

तिनं पुढ्यातलं घमेलं भरलं, ओतलं, पुन्हा भरलं. मला वाटलं, संपलं आता. परतीचं तिकीट आहे, जावं निघून.

मग ती म्हणाली, "जरा वर. खांद्याच्या मध्ये. तिथं हात पोचत नाही माझा."

मी वर चोळलं.

"तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस," ती म्हणाली. "आणि तू नको म्हटलं असतंस तर मला लग्न करवलं नसतं. म्हणून नाही सांगितलं."

मी तशीच चोळत राहिले.

मग मालकिणीनं टाळी वाजवून आम्हाला फिरवलं. तिथं तशीच रीत, ओळ उलटी करायची. आता मालकीण पुढं, मी तिच्यामागं, आणि माझ्यामागं कमळी. माझ्यापुढं त्या बाईची पाठ, हडकुळी, डाव्या बाजूला जुना व्रण. मी तिला जीव लावून चोळलं. आणि मागून कमळीचा हात माझ्या पाठीवर आला. आधी हलका, मग जोरात.

"किती वाळलीस गं," ती म्हणाली. "तुझी पाठ मी कधी पाहिलीच नव्हती."

त्या संध्याकाळी तेलाची वाटी तिनंच फळीवरून काढून माझ्यासमोर ठेवली. मग मी निघेपर्यंत रोज चोळलं तिला. तुम्ही विचारता त्या उघड्यानं न्हाण्याचं एवढंच आहे.

तिसगाव

निघताना मालकिणीनं हिरवी पिशवी माझ्या ट्रंकेत टाकली. मी तिला माझं ते जुनं लुगडं दिलं, ज्यावरून दारात झटापट झाली. तिनं ते खांद्यावरून घेऊन सगळ्या आळीला दाखवलं.

घरी आले तर ह्यांनी कमळीचं नावही काढलं नाही. आठ दिवस गेले. एकदा ते कामावरून आले, न्हाणीतल्या दगडावर बसले होते, तांब्याभरच पाणी. मी ती पिशवी हातात घालून मागं गेले.

"ह्ये काय आनलंस?"

"गप बसा. पाठ द्या."

चोळायला लागले. खडीची धूळ किती निघाली म्हणून सांगू. त्यांनी आपणहून पाठ वाकवली. मग भिंतीकडं बघतच म्हणाले, "पोर कुनावर गेलीया?"

"तुमच्यावर. कान तुमचंच."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "कमळीला लिही," म्हणाले. "म्या सांगतो तसं लिही."

मी ओले हात पुसून तिथंच कागद आणला. "सांगा."

ते विचार करत बसले. अंगावरचं पाणी वाळलं तरी बसले. शेवटी म्हणाले, "लिही, हुरड्याला ये. पानी तापवून ठिवतो."

त्या साली कुठला हुरडा? पण औंदा पाऊस झाला, ज्वारी उभी राहिली, कणसं भरतायत. कमळीचं उत्तर आलंय. पौषात येतेय, पोरीला घेऊन, श्रीधरही बरोबर आहे. ह्यांनी न्हाणीची फरशी नवी केली आणि मोठा हंडा कल्हई करून आणला. उंबऱ्याबद्दल काही बोलत नाहीत, पण परवा त्याला तेल लावताना पाहिलं मी.

म्हणून तुम्हाला सांगते, बायांनो. ती आली की दारावरून जाता जाता आत डोकावून नुसती पोरगी बघू नका. आत या, बसा, हुरडा खा, लेकीला काय विचारायचं ते तिलाच विचारा. पाठ चोळून हवी असेल तर पिशवी खुंटीलाच आहे. फक्त लवकर या, ती महिनाभरच राहणार आहे.